उसवलेली बाजू

गोंदिया जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं विचारतात, वाघ दिसला का? नाही दिसला. मग त्यांचा रस संपतो. मी तिकडे एका गोधडीला टाके घालत होते, असं सांगितलं की ती माझ्याकडे काळजीने पाहतात. वाघ दिसला असता तर हे लिहिणं सोपं झालं असतं. वाघाबद्दल काय वाटून घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं.

तिरोडा

वत्सला माझी मावसबहीण. थोडी मोठी, पण ताई म्हणण्याइतकी मोठी नाही असं मी लहानपणीच ठरवून टाकलं, म्हणून ती वच्छी. नवऱ्याच्या पाटबंधारे खात्यातल्या नोकरीमागे ती साताऱ्याहून इतकी लांब आली, बोदलकसा तलावाच्या वाटेवरच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका झाली, विधवा झाली, निवृत्त झाली आणि तिथेच राहिली. आता काचबिंदूने तिची नजर चालली आहे. मधोमध थोडं धुरकट दिसतं, कडेचं सगळं गेलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकेल याची खात्री नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं आहे. मुलगा अविनाश हैदराबादला असतो. तो तिला घेऊन जायला टपलेला आणि ती न जाण्यावर अडून बसलेली. त्याने मला फोन केला, "मावशी, तू जाऊन समजाव." मी हो म्हणाले. समजावणं हे माझं काम नाही हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

कोल्हापूरहून पुण्यामार्गे गोंदियाला जाणारी गाडी वाटेतलं एकही गाव दुखवत नाही. प्रवासाबद्दल एवढंच पुरे. तिरोड्याला उतरले तेव्हा फलाटावर एक उंच, काळीसावळी बाई पदर खोचून उभी होती.

"तुमीच का जी पुन्याच्या बाई?"

"हो."

"मी भागरता. बाईंनं धाडलं." तिने माझी पिशवी उचलली. "एवढंच सामान? बाई म्हनत होत्या, बहीन मोठी मानूस हाय."

"मोठी म्हणजे वयाने."

"ते त दिसूनच राहिलं."

भागरताचा नवरा शेती करतो, ती स्वतः मजुरीला जाते, आणि गावातल्या विहारात जयंतीची सजावट तिच्याशिवाय होत नाही. हे सगळं तिने ऑटोत बसल्याबसल्या सांगितलं. बाहेर धान कापून झालेलं होतं. बांधाबांधांनी आखलेली रिकामी शेतं, तणसाचे, पेंढ्याचे ढीग, मध्येच कोरड्या खुंटांमधून उगवलेली लाखोरीच्या डाळीची हिरवळ. डोक्यावरून एक छोटं विमान घरघरत गेलं, वळलं आणि परत आलं.

"बिरसीच्या इमानतळाचं," भागरता म्हणाली. "पोट्टे शिकून राहिले. दिवसभर जातेत न येतेत. कुठं उतरत नाहीत बाप्पा."

छपरी

वच्छीच्या घराला पुढे एक लांब छपरी आहे, म्हणजे आपली पडवी. भांडी पालथी पडली की दुपारी तिथे बायका जमतात. हे मंडळ नाही, बचत गट नाही, त्याला नाव नाही, बोर्ड नाही, अध्यक्षा नाही. त्यामुळे ते इतकी वर्षं टिकलं असावं. भागरता येते. सुकवंता येते. ती गोंडांच्या टोलीतली, बारीक, हसरी. पतंगी कागदाची घडी घालून कात्रीने अशी नक्षी कापते की घडी उलगडेपर्यंत तिलाही माहीत नसतं काय निघणार. चौथी इमला लेकीच्या बाळंतपणाला बालाघाटकडे गेली होती. तिची बाजू मला मिळाली.

बाजू म्हणजे गोधडीची. जुन्या साड्या थरावर थर अंथरायच्या, कडा कच्च्या टाक्याने धरायच्या, मग चौघींनी चार बाजूंना बसून प्रत्येकीने आपल्या कडेपासून मध्याकडे शिवत जायचं. गोधडी भरत जाते तशा बायका एकमेकींकडे सरकत जातात. सुरुवातीला ओरडून बोलावं लागतं, शेवटी शेवटी गुडघ्याला गुडघे लागतात आणि कुजबुजलं तरी पुरतं. गावातल्या खऱ्या बातम्या त्या शेवटच्या दिवसांत कळतात. मी गेले तेव्हा गोधडी नुकती सुरू झाली होती, म्हणजे अजून सगळ्या खोट्याच बातम्या चालू होत्या.

पुण्यात मीही अशा एका वर्गाला जाते. तिथे सुया परदेशी असतात, कापड नवं विकत आणून तुकडे करतात, आणि शिवताना मन कसं शांत होतं यावर आम्ही सतत बोलत असतो. कोणी कोणाला नावं ठेवत नाही. ओळ वाकडी गेली तर "ही तुमची शैली" म्हणतात. त्या शैलीच्या जोरावर मी छपरीत पहिली ओळ घातली. भागरता वाकून पाहू लागली.

"हा टाका होय का कुंपन? झोपनाऱ्याचा आंगठा अडकंल न. उसवा."

"राहू दे वो," सुकवंता म्हणाली. "पाहुनी हाय."

"पाहुनी हाय त चहा प्यावं. गोधडीले कायले हात लावते?"

वच्छी पोट धरून हसली. "उसव गं नलू. मलाही पहिल्या वर्षी हिने असंच रडवलं होतं."

मी उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा भागरताने नुसतं "हं" केलं, आणि मला कुठलासा पुरस्कार मिळाल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने वच्छी उठली. चहा तीच करते. दुसऱ्या कोणी स्वयंपाकघरात शिरलेलं तिला चालत नाही, कारण डबे जागेवरून हलले की तिला सापडत नाहीत. ती भिंतीला हात लावत आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि भागरता झपकन वच्छीच्या बाजूला सरकली.

वच्छीची ओळ मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. ती ओळ नव्हतीच. एक टाका बोटभर, पुढचा तिळाएवढा, मग सुई खालचा थर सोडून नुसतीच वरून गेलेली, मग एकदम तिरकी वळून शेजारच्या ओळीत शिरलेली. भागरताने सुईच्या टोकाने दोरा भराभर ओढून काढला आणि तिथेच नवी ओळ घालायला घेतली. सुकवंता कागद कापता कापता आतल्या दिशेने ओरडून बोलू लागली.

"बाई, आयकून राहिल्या का? आमच्या सुनेनं काल भाजीत दोनदा मीठ टाकलं!"

"मग?" आतून वच्छी.

"मंग का! सासऱ्यानं दोनदा भात घेतला!"

आत वच्छी हसत होती. भागरताचा हात चालू होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सुई माझ्या दिशेने रोखली. समजायचं ते मी समजले. कपांची किणकिण ऐकू आली तेव्हा ती आपल्या जागी बसलेली होती आणि वच्छीच्या बाजूला सरळ, बारीक, घट्ट ओळ होती.

ताटावर

आपल्याकडे भात शेवटी येतो. इथे भात म्हणजेच जेवण, बाकी सगळं त्याच्या सेवेला. वच्छीने लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, तलावातले बारीक मासे होते, आणि भात असा की नुसता खावा. तेल तापलं हे तिला वासावरून कळतं, डाळ शिजली हे आवाजावरून. बोटं दोन ठिकाणी भाजलेली होती. मी विचारलं नाही.

"अविने पाठवलंय ना तुला?" ती म्हणाली.

"हो."

"मग समजाव की."

"तुला कसली भीती वाटते तिकडे?"

"भीती नाही गं. घर मोठं आहे, सून चांगली आहे. सकाळी मला खुर्चीत बसवतील, संध्याकाळी उठवतील. मध्ये टीव्ही लावतील, तो मी ऐकीन." तिने माझ्या ताटात चाचपून भात वाढला. "इथे दुपारी माझी एक बाजू असते, नलू. डोळे गेले, पण हात आहे. मागच्या गोधडीची एक अख्खी बाजू मी शिवली. भागरतासारखी बाई, ती एक शब्द बोलली नाही. तिला पसंत नसतं तर तिने सोडलं असतं का मला?"

मी वडा खात राहिले.

"हातही गेला की मी जाईन," वच्छी म्हणाली. "त्या दिवशी मीच सांगेन अविला."

बोदलकसा

दुसऱ्या दिवशी भागरता मला तलाव दाखवायला घेऊन गेली. चारी बाजूंनी जंगलाच्या टेकड्या, मध्ये पाणी, पाण्यावर बदकांचे काळे ठिपके, काठाला जाळं झाडणारे दोन ढिवर. सुंदर आहे. सुंदर जागी आपलं मन हलकं होतं असं म्हणतात. माझं झालं नाही.

"कधीपासून उसवतेस?" मी विचारलं.

"मागच्या धानापासून."

"तिला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगून डोळे येनार होते का जी?" तिने एक खडा पाण्यात टाकला. "माझ्या पोरीले बाईंनं शिकवलं. दुपारी त्या सुई धरतेत तवा त्यांचं तोंड पाहा एकडाव. मंग सांगा मले, कोन सांगंल ते."

"पण कधीतरी कळेल."

"कसं कळंल? मी काय खराब शिवून राहिली?"

ती अजिबात खराब शिवत नव्हती.

परत आलो तर छपरीत वेगळाच गोंधळ. गोंदियाला एका संस्थेने हस्तकला महोत्सव भरवला होता आणि तिथे वच्छीच्या छपरीतली पूर्ण झालेली मागची गोधडी आणि सुकवंताची कागदी तोरणं जाणार होती. तोरणं वाळत घातली होती. शेजारची शेळी त्यातलं निम्मं खाऊन उरलेल्याकडे पाहत उभी होती. सुकवंता चिकटवायला तांदळाची खळ वापरते, ती शेळीला पक्वान्नासारखी लागली असणार.

"पहिलं बक्षीस हिलेच द्या," सुकवंता म्हणाली आणि खाली बसून पुन्हा कागदाच्या घड्या घालू लागली. कागदाच्या कामात मी बरी आहे. दिवस मावळेपर्यंत आम्ही चौघींनी तोरणं पुन्हा केली. तो त्या प्रवासातला एकमेव सुखाचा वेळ, आणि त्याचं श्रेय शेळीला आहे.

गोंदिया

गोंदिया शहर हिंदी बोलतं, आणि सभागृहातलं निवेदन त्याहून जड हिंदीत होतं. हस्तकला महोत्सव असल्याने व्यासपीठ प्लास्टिकच्या फुलांनी सजवलं होतं. सुकवंताची कागदी तोरणं मागच्या टेबलावर, पंख्याच्या वाऱ्यात, विटेखाली दाबून ठेवलेली. प्रमुख पाहुणे बऱ्याच उशिरा आले. त्यांना तबकातून कात्री दिली. कात्री चांदीसारखी होती आणि तिने फीत कापली जाईना. सभागृहात जिकडे तिकडे कात्र्याच कात्र्या होत्या, पण आपली काढून देण्याचं कोणाच्या मनात आलं नाही. पाहुण्यांनी फीत शेवटी ओढली, तिच्याबरोबर एक खांबही आला, आणि टाळ्या झाल्या.

मग परीक्षक बाई टेबलांवरून फिरू लागल्या. नागपूरच्या कलातज्ज्ञ, अशी त्यांची ओळख करून दिली गेली. त्यांनी गोधडी उचलली, डोळ्यांजवळ नेली, उलटी केली आणि ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "देखिए, चारों तरफ का टाका एकदम समान! आणि या दोन बाजू तर अशा आहेत, जणू एकाच हाताने शिवल्या."

त्या प्रामाणिकपणे बोलत होत्या. त्यांना आपल्या कामातलं कळत होतं, हीच त्यातली दुर्दैवाची गोष्ट. सगळ्या गोधडीकडे पाहत होते. मी वच्छीकडे पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर आधी कौतुकाचं हसू आलं, आणि मग ते जरासं थांबलं.

लोक पुढच्या टेबलाकडे गेल्यावर ती म्हणाली, "नलू, माझी बाजू माझ्या हातात दे."

मी भागरताकडे पाहिलं. सुकवंताने दिली. वच्छीने डोळे मिटले आणि कडेवरून बोट फिरवत नेलं. भागरता दोरा ओढून शिवते, त्यामुळे तिच्या टाक्यांमधलं कापड दाण्यासारखं उठतं. आणि दोरा संपला की ती गाठ मारते. वच्छी कधीच गाठ मारत नाही. आमच्या आजीने शिकवल्याप्रमाणे ती दोरा त्याच ओळीत उलटा लपवते. बोट एका गाठीवर थांबलं. पुढे गेलं. दुसऱ्या गाठीवर थांबलं. बाजूच्या टोकापर्यंत ते तसं थांबत थांबत गेलं.

"चांगली झाली आहे," ती म्हणाली आणि घडी घालून ठेवली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. तिच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं स्मृतिचिन्ह होतं.

मागच्या बाकावर सुकवंता कुजबुजत होती, "थोडं वाकडं शिवायचं होतं न, भागरता!"

"वाकडं कसं शिवू?" भागरताचा आवाज फाटला होता. "माझा हात वाकडा चालतच नाही."

पुन्हा छपरी

दुसऱ्या दुपारी त्या दोघी नेहमीच्या वेळेला आल्या, पण चप्पल काढून पायरीवरच उभ्या राहिल्या. वच्छी आपल्या बाजूला बसलेली होती.

"या की," ती म्हणाली. "पायरीवर काऊन उभ्या आहात?"

बसल्या. कोणी सुई घेईना.

"हिचं तोंडावर उसवता," वच्छीने माझ्या दिशेने हात केला, "आणि माझं पाठीमागे. मी काय हिच्यापेक्षा परकी?"

"परकी नाही बाई," भागरता म्हणाली. "परकी असती त तोंडावरच सांगितलं असतं."

"मग आता तोंडावर सांग."

वच्छीने सुई उचलली. ती दोरा बोटांनीच ओवते, ते अजून जमतं. तिने एक ओळ घातली, सावकाश, दुसऱ्या हाताचं बोट सुईपुढे ठेवून. मग उठली. "मी चहा ठेवते."

आम्ही तिघी तिच्या ओळीकडे पाहत बसलो. कोणी हात लावला नाही. सुकवंताने कागद कापायला घेतला, पण या वेळी ती काही ओरडली नाही. आत कितीतरी वेळ काहीच वाजलं नाही, मग वच्छीने हाक मारली, "झालं का गं तुमचं? आणू का चहा?"

भागरताने पदर तोंडात धरला.

वच्छी बाहेर आली, कप ठेवले, ओळीवरून बोट फिरवलं. ओळ होती तशीच होती.

"कशी आहे?"

"वाकडी हाय," भागरता म्हणाली.

"मग काय करायचं?"

"उसवा."

वच्छीने उसवली. उसवताना तिचा हात एकदाही चुकला नाही. पुन्हा घातली. चहावर साय धरली.

"आता?"

"उसवा, बाई."

तिसऱ्यांदा तिने बोट टोचून घेतलं, रक्त साडीला पुसलं आणि ओळ पुरी केली. मी पाहिलं, ती पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट होती. अर्ध्यातून दोरा बाहेरच राहिला होता. वच्छीने मान वळवली, नेमकी भागरताकडे नाही, तिच्या जरा डावीकडे.

"आता सांग."

भागरताने ओळीकडे पाहिलं, मग वच्छीच्या टोचलेल्या बोटाकडे.

"आता साजरी झाली," ती म्हणाली.

वच्छी हळूच हसली. "खोटं बोलायला लागलीस तू, भागरता." तिने बोट फिरवून पाहिलं नाही. सुई कापडात टोचून ठेवली आणि आपल्या जागेवरून जराशी मागे सरकली. "सुकवंता, आता ही बाजूही तूच घे. कागद राहू दे आता." सुकवंता हलली नाही. "घे म्हणते ना. गोधडी काय तीन बाजूंची घालणार आहात?"

सुकवंता उठून तिथे बसली. बसताना तिने कातरलेला पतंगी कागद मुठीत तसाच धरला होता, आणि सुई घ्यायला मूठ उघडावी लागेल हे तिच्या लक्षात येत नव्हतं.

"नलू," वच्छी म्हणाली, "अविला फोन लाव."

"उद्या लावू."

"आत्ता लाव. उद्या मी पुन्हा सुई धरीन."

छपरीच्या एकाच कोपऱ्यात मोबाइलला रेंज मिळते. मी वच्छीचा मोबाइल घेऊन तिथे जाऊन उभी राहिले आणि नंबर लावला. ज्या कामासाठी मला पाठवलं होतं ते झालं होतं, एक शब्दही समजावून न सांगता. घंटा वाजू लागली. त्याने उचलू नये, मीटिंगमध्ये असावा, गाडी चालवत असावा, एवढंच मी मनात म्हणत होते. पण अविनाश चांगला मुलगा आहे. आईकडचा फोन तो कधी चुकवत नाही. त्याने लगेच उचलला.